साका? बेका? – बारक्याच्या जेवणाच्या नोंदी

६ नोव्हेंबर २०२४, बुधवार

वही फाउंड्रीतली, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यातली आहे. मागच्या बाजूला रिजेक्शनचे आकडे, पुढची पानं कोरी, म्हणून हीच घरी आणली. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत माझं कामच हे: कास्टिंग, म्हणजे ओतलेला भाग, का बिघडलं ते शोधायचं. वाळूत ओलावा जास्त झाला, कोअर (साच्यातला वाळूचा गाभा) नीट वाळला नाही, धातू थंड ओतला, काहीतरी एक सापडतंच. घरी मात्र दीड वर्ष झालं, रोज रात्री तोच तमाशा होतो आणि कारण शोधायचं सोडून आम्ही चौघं मोठी माणसं एकमेकांवर खेकसतो.

आजचा तमाशा असा. ८:१० ला बारक्यापुढे ताट. शाळूची अर्धी भाकरी, मेथीची भाजी, वरण, भात. वय तीन वर्षं पाच महिने. त्याने ताट दोन बोटांनी लांब सारलं. आईने भाकरी वरणात कुस्करली आणि वाटी घेऊन त्याच्या मागे निघाली. सोफा, जिना, तुळशीकट्टा, परत सोफा. आप्पांनी मोबाइलवर जेसीबीचा व्हिडिओ लावून दिला. बघता बघता त्याचं तोंड उघडं पडलं की आई घास सारते. हिने आमिष दाखवलं, ‘दोन घास भाजी खा, मग कुंदा.’ मी ओरडलो. तो रडला, मग ओकला. ९:२५ ला ताट उचललं. पोटात राहिलं ते चार घास वरणभात आणि चमचाभर कुंदा, आमच्याकडची दुधाची मिठाई. झोपताना बाटलीभर दूध.

थोरली या सगळ्यात गपगुमान जेवून उठली. आठ वर्षांची आहे. तिने काय खाल्लं ते मला आता आठवूनही सांगता येणार नाही.

७ नोव्हेंबर

ठरवलं: आठवडाभर काहीही बदलायचं नाही, फक्त लिहायचं. कारखान्यात नवीन पोरगा आला की आल्या आल्या तीन गोष्टी एकदम बदलतो. माल सुधारला तरी कशाने सुधारला ते कुणालाच कळत नाही. तसं इथे नको. दिवसभरात बारक्याच्या तोंडात जे जाईल, कुणीही दिलेलं असो, ते फ्रीजवर चिकटवलेल्या कागदावर टिपायचं. थोरलीला पेन दिलं. ती सगळ्यात कडक इन्स्पेक्टर निघणार असं दिसतंय.

आई म्हणाली, ‘लेकरू खाईना झालंय, आणि ह्यो वही भरूलाय!’

१३ नोव्हेंबर

सात दिवसांचा कागद उतरवून काढला.

आधी दूध. आमच्याकडे म्हशीच्या दुधाचं रतीब आहे. बारक्याला सकाळी उठल्यावर २५० मिली, दुपारी अंगणवाडीतून आला की २००, झोपताना बाटलीतून २५०. म्हणजे घरातच सातशे. अंगणवाडीत क्षीरभाग्य या सरकारी योजनेचं दूध मिळतं ते वेगळं. बिस्किटं रोज पाच-सहा. दिवाळीच्या शंकरपाळ्या येता-जाता. आप्पांच्या बशीतला चहा दोन वेळा, त्यात बुडवलेला बेकरीचा कडक बटर. आणि दहा रुपयांचं कुरकुरीत पाकीट, सातातले पाच दिवस, तेही संध्याकाळी साडेसहा ते सातच्या मध्ये. पाचपैकी चार वेळा आणणारे आप्पा, एकदा मी. माझ्या नावापुढची खूण थोरलीने दोनदा गिरवली होती.

जो पोरगा काही खात नाही असं आम्ही गल्लीभर सांगत होतो, तो आठला जेवायला बसतो तेव्हा त्याचं पोट भरलेलं असतं. आणि मग आम्ही त्याला मोठ्या माणसाची अर्धी भाकरी वाढतो. लहान मुलाला भाजी वाढायचा एक ढोबळ हिशेब आहे: जितकी वर्षं तितके मोठे चमचे. तीन वर्षांच्या पोराला तीन चमचे भाजी म्हणजे पुरेशी. आम्ही वाटीभर वाढून ‘संपव’ म्हणत होतो.

आईला कागद वाचून दाखवला. ती काही बोलली नाही. जरा वेळाने म्हणाली, ‘भुकेला कोंडा नि निजेला धोंडा. आमच्या वेळी पोरांना भूक तरी लागायची.’ म्हटलं, तेच तर सांगतोय.

१५ नोव्हेंबर

बालरोगतज्ज्ञांकडे. वजन १२.९ किलो. तायी कार्डावरच्या (सरकारी माता-बाल कार्डावरच्या) आलेखात तो कमी बाजूला आहे, पण रेषा सोडलेली नाही. डॉक्टरीणबाईंनी आलेख आमच्याकडे फिरवून दाखवला: जन्माला २.८ किलो, पहिल्या वाढदिवसाला ९.१. पहिल्या वर्षात बाळ तिप्पट होतं. त्यानंतर वर्षाला दोन-सव्वादोन किलो वाढलं तरी पुष्कळ. वाढीचा वेग उतरतो तशी भूकही उतरते, आणि नेमकं त्याच वयात पोराला ‘नको’ म्हणायला येतं. दोन ते सहा वर्षांत नवीन पदार्थाची भीतीही असते, ती बहुतेक मुलांत असते. इतकं ऐकून जीव भांड्यात पडला.

मग रक्ताचा रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन ९.६. या वयात ११ च्या खाली म्हणजे ॲनिमिया. जीव परत भांड्याबाहेर. बाई म्हणाल्या, घाबरू नका, तुम्ही एकटे नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत कर्नाटकातल्या पाच वर्षांखालच्या मुलांत ६५.५ टक्के मुलं ॲनिमियाची निघाली. तिघांतली जवळजवळ दोन. आमच्या गल्लीतली पोरं डोळ्यांसमोर आली.

चक्र असं आहे: लोह कमी म्हणून भूक मरते, भूक मेली म्हणून घरचे दूध पाजतात, आणि दुधात लोह नसल्यातच जमा. वर आप्पांच्या बशीतला चहा. चहामुळे जेवणातलं लोह अंगी लागत नाही.

सांगितलं ते: दूध दिवसाला चारशे-पाचशेच्या वर नाही, तेही पेल्यातून. बाटली बंद. चहा बंद. लोहाचं औषध रोज, दुधाबरोबर नाही, लिंबाच्या सरबताबरोबर चालेल. शी काळी होईल, घाबरू नका. दोन महिन्यांनी परत तपासायचं.

गेल्या मार्चमध्ये एका मेडिकलमधून मीच ‘भूक लागायचं टॉनिक’ न विचारता आणलं होतं, तेही आज कबूल केलं. दोन दिवस पोरगं नुसतं पेंगत होतं. त्यात ॲलर्जीवर देतात तसलं, झोप आणणारं औषध असतं म्हणे. बाई रागावल्या नाहीत, पण चष्म्यावरून बघितलं.

१७ नोव्हेंबर, रविवार

घरातली बैठक. पोरं झोपल्यावर, स्वयंपाकघरात.

एलिन सॅटर नावाच्या अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञ बाईंनी १९८० च्या दशकात मांडलेला एक नियम आहे, जगभर बालरोगतज्ज्ञ तो सांगतात. काय वाढायचं, कधी वाढायचं, कुठे बसायचं, हे मोठ्यांनी ठरवायचं. खायचं की नाही आणि किती, हे मुलाने. दोघांनी एकमेकांच्या कामात लुडबूड करायची नाही. वाचल्यावर मला तो आमच्या शॉपफ्लोअरसारखाच वाटला. मोल्डिंगवाल्याने फर्नेसच्या बटणाला हात लावायचा नाही.

पण त्या नियमात मोठे म्हणजे आईबाप दोघं. आमच्या घरात मोठे चार, आणि शेजारच्या मावशी धरल्या तर पाच. ‘काय’ आई ठरवते, कारण चूल तिच्या हातात. ‘कधी’ आप्पा ठरवतात, कारण खिशात पाकीट. ‘कुठे’ बारका ठरवतो. आणि ‘किती’ आम्ही सगळे मिळून ठरवतो. वाटणी झालेलीच आहे, फक्त सगळी उलटी.

दीड तास बोलणं झालं. ही म्हणाली, मी दिवसभर शाळेत चाळीस पोरांना डबे खायला बसवते, कुणाच्या मागे फिरत नाही, आणि घरी आले की मलाच काय होतं कळत नाही. आप्पांचं म्हणणं, ‘संध्याकाळी नातवाचा हात धरून दुकानापर्यंत जायचं, तेवढंच माझं काम उरलंय, ते पण काढून घेऊलास.’ हे मला सुचलंच नव्हतं. पाकिटाचा हिशेब मी कॅलरीत करत होतो आणि आप्पा तो पंधरा मिनिटांच्या फेरीत. शेवटी असं ठरलं की फेरी तशीच राहणार, पाचला, दुकानाऐवजी भाजीवालीपर्यंत. नातवाने एक काहीतरी हाताने निवडून आणायचं: पेरू, गाजर, चिकू, काहीही.

आईची अट एकच: ‘उपाशी झोपवायचं न्हाई.’ मी म्हटलं, ताटात त्याला चालणारं एक तरी असेलच, भात, दही, भाकरीचा पापुद्रा, काही ना काही. ते खाऊन झोपला तर उपाशी नाही. तिने मान हलवली. पटलं म्हणून नाही, झोप आली म्हणून.

वेळा: ८, १०:३०, १, ५, ८. मध्ये पाणी. जेवण पंचवीस मिनिटं, मग ताट उचलायचं, चेहरा न पाडता.

१८ नोव्हेंबर

बाटली लपवली. रात्री पाऊण तास रडला. मी आणि ही आळीपाळीने मांडीवर घेऊन बसलो.

१९ नोव्हेंबर

अर्धा तास.

२० नोव्हेंबर

रात्री भात-दही तीन चमचे, बस्स. भाजीकडे बघितलंही नाही. ८:२५ ला ताट उचललं. आई माजघरात तोंड फिरवून बसली होती, पदर डोळ्याला. साडेनऊला ती मला म्हणाली, ‘तुला मी असं झोपवलं नव्हतं कधी.’ काय उत्तर देणार? तिच्या हाताने घास खाऊनच मी वाढलोय. येळ्ळूरच्या घरात सात भावंडं, तीन खोल्या, आणि सगळ्यात शेवटी जेवणारी ती. मुलाचं पोट भरलं की नाही हे बघणं हाच तिचा दिवस होता. मी आता तिला सांगतोय की ते बघू नकोस.

२१ नोव्हेंबर

सकाळी साडेसातला बारका स्वतः स्वयंपाकघरात आला. ‘आज्जी, भाकरी.’ रात्रीची शिळी होती, तव्यावर गरम करून तूप-मीठ लावून दिली. पाऊण खाल्ली. आई मला हाक मारायला बाहेर धावत आली आणि मी अंघोळीत.

२३ नोव्हेंबर, शनिवार

आज सेकंड शिफ्ट, म्हणून बारक्याला आणायला मी अंगणवाडीत गेलो. जरा लवकर पोचलो, दारातच थांबलो.

पोरं भिंतीला टेकून ओळीत बसली होती, पुढ्यात स्टीलच्या ताटल्या. टीचर कन्नड आणि मराठी दोन्ही बोलतात, आमच्या गल्लीत सगळे बोलतात तसंच. भात-सांबार वाढत होत्या. प्रत्येकापुढे पळी धरायच्या आणि विचारायच्या, ‘साका? बेका?’ पुरे की हवंय? एका पोरीने हात ताटलीवर आडवा धरला. ‘साक.’ टीचर पुढे. बारक्याची पाळी आली. तो म्हणाला, ‘बेक.’ अर्धी पळी पडली. त्यात गाजराचे तुकडे होते. शेजारच्या पोराने एक तुकडा उचलून तोंडात टाकला, बारक्याने त्याच्याकडे बघितलं आणि तसाच एक उचलला. चघळला, परत ताटलीत काढून ठेवला. कुणीही काही बोललं नाही. तो सांबारभात खात राहिला.

मी टीचरना म्हटलं, घरी हा काही खात नाही. त्या हसल्या. ‘सगळ्यांचे आईवडील हेच म्हणतात. इथे तर खातो की ओ.’

मुलं मुलांच्या संगतीने खातात हे वाचलं होतं. माझ्या डोक्यात राहिला तो दोन शब्दांचा प्रश्न. साडेतीन वर्षांत आमच्या घरात बारक्याला हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. आम्ही विचारायचो, ‘का नाही खात?’

२४ नोव्हेंबर

घरात सुरू. वाढणारा विचारणार, ‘साका? बेका?’ आणि जे उत्तर येईल ते ऐकणार. आप्पांना लगेच जमलं, त्यांचं अर्धं आयुष्य गोकाकच्या गिरणीत कन्नड बोलण्यात गेलं. आई सुरुवातीला ‘साका?’ एवढंच विचारून पळी ओतायची. थोरलीने पकडलं.

२८ नोव्हेंबर

माझी चूक, स्पष्ट लिहून ठेवतो. लोह वाढवायचं म्हणून मी हिला सांगितलं, पालक वाटून चपातीच्या कणकेत घाल, त्याला काय कळतंय. त्याला पहिल्या चपातीतच कळलं. चपाती उजेडाकडे धरून बघितली, आमच्या फाउंड्रीत तडा बघतात तशी. ‘हे काय हाय?’ मी म्हटलं, ‘चपाती.’ खोटं.

आज तिसरा दिवस, पांढरी चपातीसुद्धा खात नाही. वासच घेतो आधी. एक चालणारा पदार्थ मी हाताने घालवला. पालक घालायलाच हरकत नव्हती, पण त्याच्यासमोर घालायला हवा होता, नाव सांगून.

(चपाती परत सुरू व्हायला आठ दिवस लागले. ७ डिसेंबरला टीप.)

२ डिसेंबर

गाजराची ट्रायल सुरू. एका वेळी एकच नवीन पदार्थ, रोज नाही, एक दिवसाआड, ताटाच्या कडेला चमचाभर. अमेरिकेत लीअन बर्च या संशोधक बाईंनी १९८० च्या दशकात दाखवून दिलं की दोन-तीन वर्षांच्या मुलाला नवीन पदार्थ आठ-दहा, कधी पंधरा वेळा चाखायला मिळाला की तो आवडू लागतो. नुसता बघून उपयोग नाही, जिभेला लागला पाहिजे. आम्ही तिसऱ्या नकाराला ‘ह्याला आवडत नाही’ असा शिक्का मारून मोकळे व्हायचो.

गाजर किसून, लिंबू, मीठ, चिमूटभर साखर, शेंगदाण्याचं कूट. अख्खा शेंगदाणा या वयाला द्यायचा नाही, घशात अडकतो. कच्च्या गाजराचा जाड तुकडाही नाही.

१. बघितलं. २. बोट लावलं. ३. थोरलीच्या ताटात टाकलं. ४. चाटलं, तोंड वेडंवाकडं.

हे मी आठवडाभर मागेपुढे करून लिहितोय, तारखा एकेक देत नाही.

९ डिसेंबर

कुंद्याचा प्रश्न. बेळगावात राहून कुंदा घरात नको म्हणणं शक्य नाही, आणि हिच्या शाळेतलं कुणी ना कुणी आणतंच. ‘भाजी खा, मग कुंदा’ म्हटलं की पोराच्या हिशेबात भाजी ही शिक्षा होते आणि कुंदा बक्षीस. भाजी आणखी नावडती होते. बर्च यांच्याच एका प्रयोगात बक्षीस लावलेल्या पेयाची आवड उतरली होती. आता कुंदा असेल त्या दिवशी चमचाभर कुंदा ताटातच, भाजीशेजारी, सगळ्यांना तेवढाच. आधी खा, मध्ये खा, शेवटी खा. दुसऱ्यांदा मिळणार नाही.

पहिल्या रात्री आधी कुंदाच खाल्ला. मग इकडेतिकडे बघितलं. मग भात.

आप्पा म्हणाले, ‘मला पण चमचाभरच?’

१२ डिसेंबर

आईने आज स्वतःहून एक गोष्ट केली, माझ्या वहीत नसलेली. भाकऱ्या थापताना बारक्याला परातीपुढे बसवलं, शेवटचा लिंबाएवढा गोळा त्याच्या हातात दिला. ‘तुझी चानकी तू थाप.’ त्याने पीठ नाकाला लावलं, कपाळाला लावलं, गोळा आपटला. चानकीला, म्हणजे त्याच्या छोट्या भाकरीला, एका बाजूने भोक पडलं, दुसरी बाजू जाड. आईने ती उलथन्याने तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला, मग गॅसच्या जाळावर धरली. फुगली नाही, पण वाफ आली. तो तव्याकडे टक लावून बसला होता. ताटात पडल्यावर त्याने भोकातून बोट घालून आम्हाला सगळ्यांना दाखवलं. मग कडेकडेने कुरतडत ती संपवली. बरोबर अगसीच्या (जवसाच्या) चटणीचं तेल.

आई माझ्याकडे बघून म्हणाली, ‘लिव की आता.’ लिहिलं.

१८ डिसेंबर

हिच्या चुलतभावाच्या लग्नात. पंगतीत त्याने जिलेबी आणि मठ्ठा. काही बोललो नाही.

२६ डिसेंबर

१९२४ च्या काँग्रेस अधिवेशनाला शंभर वर्षं झाली म्हणून शहरभर रोषणाई. इथलं अधिवेशन टिळकवाडीत भरलं होतं, गांधीजी काँग्रेसच्या ज्या एकमेव अधिवेशनाचे अध्यक्ष झाले ते हेच. आप्पा नातवाला खांद्यावर घेऊन दिवे दाखवायला गेले, नऊला परत आले. नातवाच्या हातात पाकीट, गालावर मसाला. आप्पा माझ्याकडे न बघता हात धुवायला गेले. थोरली पेन घेऊन तयार होती, मी म्हटलं, आज राहू दे.

३० डिसेंबर, सोमवार

एळ्ळ अमावास्या, रानात जाऊन पूजा करून तिथेच जेवायचा सण. हिच्या माहेरी, अथणीकडे, शाळूच्या रानात. काळी जमीन, कंबरेपर्यंत शाळू, मध्ये पांढऱ्या चादरी अंथरलेल्या. सासऱ्यांनी चरगा टाकला, म्हणजे रानात नैवेद्य शिंपडला, मागून पोरं ओरडत पळाली, बारका सगळ्यात शेवटी, चप्पल हातात.

जेवण: सज्ज्याची (बाजरीची) भाकरी, एण्णेगायी (भरलं वांगं), शेंगाची पोळी, मोसरन्ना (दहीभात), हिरव्या भाज्यांची मिसळ. पंधरा-वीस पोरं एका कोंडाळ्यात. कुणी कुणाला भरवत नव्हतं, बायका वाढून मोकळ्या झालेल्या. मी लांबून बघत होतो. बारक्याने शेंगाची पोळी दीड खाल्ली, मोसरन्ना खाल्ला, वांग्याचा मसाला बोटाने चाटला, वांगं ठेवलं. मग हरभऱ्याच्या वावरात बसून पोरांबरोबर सोलाणा. मी धावत जाऊन दाणे चेचून दिले, अख्खा ओला हरभरा नको म्हणून. हिच्या आईला हसू आलं. ‘एवढी काळजी?’ पण या एका बाबतीत मी ऐकत नाही.

घरी आल्यावर रात्री हरभऱ्याची उसळ केली. नाही म्हणाला.

४ जानेवारी २०२५

तीन दिवस ताप, सर्दी. सगळ्या वेळा मोडल्या. पेज, मऊ भात, दूध मागेल तेव्हा. आईने मांडीवर घेऊन भरवलं आणि मीच म्हटलं भरव.

८ जानेवारी

ताप गेला, पण ‘आज्जी भरव’ राहिलं. दोन दिवस रडारड. आईनेच तोडगा काढला: एक चमचा तिच्या हातात, एक त्याच्या. तिचा रिकामाच.

१४ जानेवारी, संक्रांत

गाजर, अकरावी वेळ. कोशिंबीर वाटीत होती, वाटी थोरलीपुढे. तिला वाढली, आप्पांना वाढली. आई त्याच्या ताटावर चमचा धरून, ‘साका? बेका?’

‘बेक.’

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. हे आधीच ठरवलं होतं, टाळ्या वाजवल्या की तो थांबतो. हिने टेबलाखालून माझा पाय दाबला, एवढंच. त्याने दोन चमचे खाल्ले. दुसरा चमचा स्वतः मागून. मग चमचा उचलून आईच्या ताटावर धरला, ‘आज्जी, साका?’ आई म्हणाली, ‘बेक,’ आणि त्याने अर्ध्याहून जास्त कोशिंबीर टेबलावर सांडली.

मेथी: सातवी वेळ, नाही. अंडं: अंगणवाडीत खातो, घरी नाही. ते का, अजून कळलेलं नाही.

१८ जानेवारी

दोन महिने झाले. वजन १३.४. हिमोग्लोबिन ११.१. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आलेख वर वळलाय, औषध सांगितल्याप्रमाणे पुढे चालू ठेवा, साठा भरायला आणखी वेळ लागतो. वजन घटलं, घास गिळताना रोज ठसका लागू लागला, किंवा खाणारे पदार्थ एकेक करून कमी होत गेले, तर वाट न बघता या, असंही सांगितलं.

दूध आता घरात दोन पेले, मिळून साडेतीनशे. रतीब एक लिटरवर आणलं. गवळ्याला वाटलं, आमचं काहीतरी बिनसलंय.

संध्याकाळच्या जेवणाला सरासरी बावीस मिनिटं. पूर्वीची पंचाहत्तर.

२१ जानेवारी

थोरलीने कागद उतरवून दिला आणि विचारलं, ‘माझं कोण लिहिणार?’ मी म्हटलं, तू काय खात नाहीस? तिने दहा बोटं मोजली: दोडका, कारलं, दुधी, शेपू... आठ वर्षं ही सगळी तिने न बोलता ताटाखाली सारली असणार. तिचा कागद उद्यापासून.

२३ जानेवारी

मेथी, नववी वेळ. देठ काढून, मुगाची डाळ घालून, शेंगदाण्याच्या कुटात, चमचाभर. बारक्याने एक पान उचललं, वास घेतला, जिभेच्या टोकाला लावलं, ताटाच्या कडेला चिकटवून ठेवलं. ‘साक,’ म्हणाला.

परवा परत मेथीच. जुडी आप्पा आणणार आहेत.